निळ्या गाडीवरची अक्षरं

ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम केस वाळवायचा ड्रायर आणि लांब वायर घेऊन घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. तिथे त्यांची छोटी निळी गाडी उभी होती. दोन्ही दारांवर पांढऱ्या रेडियमची अक्षरं होती : ‘सावकाश ड्रायव्हिंग स्कूल’. बॉनेटवर थोरला ‘शि’, आणि मागे डिकीवर ‘शिकाऊ चालक, अंतर ठेवा’. हे सगळं त्यांना दुपारच्या आत काढून टाकायचं होतं.

सव्वीस वर्षं मॅडमनी लोकांना गाडी शिकवली होती. त्यांना सगळे मॅडमच म्हणत. दूधवाला म्हणे, बँकेतला शिपाई म्हणे, आणि चिडवायचं असलं की त्यांचे यजमानही म्हणत. शिकणाऱ्यांनी मात्र पाठीमागे त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवलं होतं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि मॅडमचा पाय त्यावर सदैव टपलेला. कुणी जरा भरकटलं की खाडकन ब्रेक आणि मग भाषण. सव्वीस वर्षं पाय असा अधांतरी धरून धरून उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, “जिन्यासाठी तरी थोडा शिल्लक ठेवा.” तेव्हा मॅडमनी शेवटच्या तिघींना पास करून घेतलं, गॅरेजमध्ये नेऊन तो जादा ब्रेक काढून टाकला आणि शाळेला कुलूप लावलं.

मुलगी तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी राहायची. ती फोनवर म्हणाली, “आई, आता विकून टाक ती गाडी. तेरा वर्षं झाली.”

“विकू कशाला? आता तर कुठे ती माझी झालीय,” मॅडम म्हणाल्या.

ते खरंच होतं. तेरा वर्षांत स्वतःच्याच गाडीत त्या चालकाच्या जागेवर बसल्या असतील त्या पेट्रोल भरायला नाहीतर गॅरेजला जायला. बाकी सगळा प्रवास शेजारच्या सीटवरून, तोही दुसऱ्याच्या हातात जीव देऊन, बाजारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. आता त्यांना स्वतः चालवायची होती. यजमानांना शेजारी बसवायचं आणि वाटेल तिकडे जायचं, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

ड्रायरची गरम हवा लागली की रेडियम मऊ पडे. मग नखाने कोपरा उचलायचा आणि अलगद सोलत जायचं. ‘स्कूल’ अख्खंच्या अख्खं निघालं, ‘ड्रायव्हिंग’ तुकड्यातुकड्याने. मागे राहिलेला डिंक त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसला. बारा वाजता शेवटचं अक्षर निघालं. मॅडम कंबर धरून उठल्या, चार पावलं मागे सरल्या, आणि बघतात तर काय, अक्षरं जागच्या जागी!

आता ती पांढरी नव्हती, गडद निळी होती, इतकाच फरक. तेरा वर्षं ऊन खाऊन बाकीच्या गाडीचा रंग विटला होता, दुधात शाई कालवावी तसा झाला होता. रेडियमखालचा रंग मात्र पहिल्या दिवसाचा राहिला होता. त्यामुळे ‘सावकाश ड्रायव्हिंग स्कूल’ आता पूर्वीपेक्षा ठसठशीत वाचता येत होतं.

यजमान घड्याळं दुरुस्त करत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं आणि समोर शेड दिसे. डोळ्यावरचं भिंग कपाळावर सारून ते बाहेर आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“पहिल्यापेक्षा सुबक दिसतंय,” ते म्हणाले.

“तुम्ही आत जा बघू,” मॅडम म्हणाल्या.

दिसेना का, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून दोन दिवसांनी त्या एकट्याच फिरायला निघाल्या. यजमान खिडकीतून बघत होते. मॅडमनी दार उघडलं, आत बसल्या, पट्टा लावला आणि समोर बघत राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. गाडी काही हलेना. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण सवयीने शेजारच्या सीटवर येऊन बसलोय आणि कुणीतरी गाडी सुरू करायची वाट बघतोय. त्या गुपचूप उतरल्या आणि फिरून पलीकडे गेल्या. यजमानांनी मान खाली घालून भिंग डोळ्याला लावलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मॅडमची कळी खुलली. हात चाकावर, समोर मोकळा रस्ता, आणि शेजारी घाबरून घामाघूम झालेलं कुणी नाही. पण सिग्नलला थांबल्या तेव्हा मागची गाडी दोन गाड्यांची जागा सोडून लांब उभी राहिली. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून अंगठा वर केला आणि म्हणाली, “शिका काकू, शिका! वयाचं काही नसतं. जमेल!”

मॅडमनी दात ओठ खाल्ले. पुढच्या चौकात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली.

“काकू, शिकवणारे कुठे आहेत?”

“कोण शिकवणारे?”

“गाडीवर शिकाऊ चालक लिहिलंय. शिकणाऱ्याने एकट्याने गाडी चालवायची नसते. शेजारी माणूस लागतो.”

“शेजारचं माणूस मीच,” मॅडम म्हणाल्या.

पोलिसाने रिकाम्या सीटकडे बघितलं, मग मॅडमकडे बघितलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, बाईंना ऊन लागलंय. शेवटी मॅडमनी लायसन्स दाखवलं, शाळेचा जुना परवाना दाखवला, खाली उतरून रंग कसा विटलाय तेही दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने सांगितलं, “ठीक आहे. पण काकू, सावकाश जा हं.”

घरी आल्या त्या तणतणतच. चपला एकीकडे, पर्स दुसरीकडे. “मला! मला सावकाश जा म्हणतो! या गावातल्या निम्म्या लोकांना मी—” आणि वाक्य अर्धवट टाकून त्या स्वयंपाकघरात गेल्या, भांड्यांची हिरवी घासणी आणि घासायची पावडर घेऊन आल्या आणि बॉनेटवरच्या ‘शि’वर तुटून पडल्या. पाव तास त्यांनी तो असा घासला, की त्या जागी एखादं करपलेलं पातेलं असतं तर लख्ख झालं असतं. मग पाणी ओतलं.

‘शि’ थोडा पुसट झाला होता खरा. पण त्याच्या भोवती ताटाएवढ्या जागेत मांजराने नखं मारावीत तसे चरेच चरे उठले होते.

हाक न मारताच यजमान आले. भिंग डोळ्याला लावून बॉनेटवर वाकले. नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकू पिशवी घेऊन चालल्या होत्या. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “अहो, गाडी बंद पडली तर मेकॅनिकला बोलवा की! घड्याळजी काय करणार तिला?”

यजमान सरळ झाले. “बारीक चरे आहेत, पण खोल नाहीत,” ते म्हणाले. “अगं, तू एखाद्या शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी हमरस्त्यावर घालतेस का? मग हे असं का?”

मॅडमनी पावडरचा डबा बंद केला. घासणी मुठीत धरून ओट्यावर बसून राहिल्या. त्यांना वाईट वाटलं होतं. चरे पडले म्हणून तर होतंच, पण गाडीवर हात टाकताना आपण रागाने टाकला याचं जास्त.

दुसऱ्या दिवशी त्या गॅरेजमध्ये गेल्या. मालकाने गाडीभोवती फिरून सांगितलं, की संपूर्ण गाडी रंगवावी लागेल, आठ दिवस सोडून जा. मॅडम विचारात पडल्या. तेवढ्यात आतून रंगाने माखलेला डगला घातलेला एक चाळिशीचा माणूस आला, तोंडावरचा मास्क गळ्यात, आणि हातातली पत्र्याची पेटी त्याने खाडकन बंद केली. चेहरा काही मॅडमना ओळखू आला नाही. पण तो आवाज!

“खटका!” त्या ओरडल्या.

“हो मॅडम,” तो माणूस हसला आणि आपोआप ताठ उभा राहिला.

पंधरा वर्षांपूर्वी हा त्यांच्याकडे शिकायला होता. गिअर असा टाकायचा, की तेव्हाच्या जुन्या गाडीत सगळ्यांची हाडं हलत. म्हणून तो खटका. परीक्षेत चार वेळा नापास झाला होता, शाळेतला तो विक्रम अजून कुणी मोडला नव्हता. आता तो या गॅरेजचा मुख्य रंगारी होता.

त्याने दारावरून तळहात फिरवला, बोट ओलं करून विटक्या जागेवर घासलं, आणि ओली जागा क्षणभर गडद झालेली बघून मान हलवली. “रंगवायला नको मॅडम. रंग चांगला जाड आहे. वरचा थर तेवढा उतरलाय. घासून, पॉलिश करून निघेल. घरच्या घरी होईल.”

मालकाने त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता.

“रविवारी मला सुट्टी असते, येतो,” खटका म्हणाला. “पण काम तुम्ही करायचं, मी नुसतं सांगणार. रविवारी हाताला रंगाचा वास आला तर घरात घेणार नाही म्हणून बायकोने बजावलंय.”

रविवारी तो आठाच्या ठोक्याला हजर झाला. दोन बादल्या, झालरीसारखा मऊ, गाडी धुवायचा हातमोजा, चिकटपट्टीची रिळं, बाटल्या, आणि मऊ फडक्यांचा एक गठ्ठा. आल्या आल्या त्याने विचारलं, “घासणी कुठाय?”

“कोणती?”

“बॉनेटवर मारलीत ती.”

मॅडमनी शाळेतल्या मुलीसारखी ती आणून दिली. त्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग गुडघ्यासाठी एक बुटकं स्टूल मागवलं, मॅडमना त्यावर बसवलं आणि शिकवणी सुरू झाली. एका बादलीत साबण, दुसरीत साधं पाणी. मोजा साबणात बुडवायचा, गाडीवर फिरवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा साबणात. वरून खाली यायचं, खालचा मोजा वर न्यायचा नाही.

“का?” मॅडमनी विचारलं.

“खाली वाळू असते. तीच वर नेऊन घासाल. मॅडम, लक्ष समोर.”

मॅडमनी मान वर करून बघितलं. ‘लक्ष समोर’ हे त्यांचे शब्द होते, त्यांच्याच सुरात. खटक्याचा चेहरा अगदी निर्विकार होता.

गाडी धुऊन पुसून झाल्यावर त्याने त्यांना एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालायला लावली आणि दारावरून हात फिरवायला सांगितलं. दिसायला स्वच्छ असलेलं दार हाताला खरखरीत लागलं, काचकागद असावा तसं. “हे धुळीचे, डांबराचे कण. रंगात रुतून बसलेत. हे असताना घासलं तर चरे पडतात,” असं म्हणत त्याने चिकणमातीसारखा एक गोळा काढला, चपटा केला, आणि दारावर साबणाचं पाणी मारून तो हलक्या हाताने पुढेमागे सरकवून दाखवला. गोळा आधी खरखर वाजला, मग गप्प झाला. मॅडमनी पुन्हा पिशवी घालून हात फिरवला.

“अहो, इकडे या!” त्यांनी खिडकीकडे बघून हाक मारली. “आधी इथे हात लावा. आता इथे.”

यजमानांनी डोळे मिटून हात लावला. “घड्याळाची काच,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी निघत नसे.

त्या रविवारी एवढंच झालं. मॅडमना पुढचंही लगेच करायचं होतं, पण खटका बाटल्या पिशवीत घालून निघाला. “पहिल्या दिवशी चौथा गिअर नाही मॅडम.”

दुसऱ्या रविवारी घासायचं पॉलिश आलं. आधी त्याने दाराच्या कडांना आणि बॉनेटच्या उंचवट्यांना चिकटपट्टी लावून घेतली, कारण कडेवर रंग पातळ असतो आणि तिथून पांढरं अस्तर बाहेर यायला वेळ लागत नाही. मग सांगितलं, की एका वेळी वीतभर चौकोन घ्यायचा, गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार हवा, आणि हात गोल गोल नाही, एकदा आडवा, एकदा उभा. मॅडमनी फडक्यावर शेंगदाण्याएवढं पॉलिश घेतलं आणि दारावरच्या ‘स्कूल’च्या शेजारी घासायला लागल्या. आठ-दहा हात मारून फडकं उलटून बघितलं. फडकं निळंशार!

“अरे खटक्या, रंग निघतोय! सगळा रंग फडक्यावर येतोय!”

“यायलाच हवा. मेलेला रंग आहे तो. चालू द्या.”

“आणि खालचा गेला तर?”

“मी बघतोय ना.”

मॅडमनी श्वास रोखून चालू ठेवलं. चौकोन पुसला तेव्हा दुधाळ निळ्याच्या मधोमध एक वीतभर जागा अशी गडद होऊन वर आली, की तिच्यात त्यांना स्वतःच्या नाकाचा शेंडा दिसला. ‘स्कूल’चा ‘स्’ त्या गडद जागेत विरघळून गेला होता. मॅडम एकदम खूश. दुसरा चौकोन, तिसरा चौकोन. चौथ्याच्या वेळी फडकं हातातून निसटून खाली पडलं. त्यांनी उचललं, झटकलं आणि पुन्हा दारावर—

“ब्रेक!”

खटका एवढ्याने ओरडला, की खिडकीतल्या यजमानांच्या चिमट्यातून स्क्रू उडाला. मॅडम जागच्या जागी थिजल्या.

“पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही. कधीच नाही. दुसरं घ्या,” तो म्हणाला. मग जरा ओशाळला. “जास्त जोरात ओरडलो का?”

मॅडमना आधी राग आला. मग त्यांना तो विशीतला खटका आठवला, ब्रेक लागला की मान आक्रसून घेणारा, आणि त्यांना हसायला आलं. “मी यापेक्षा जोरात ओरडायचे का रे?”

“तुमचा आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा,” खटका म्हणाला.

दोघंही हसले. यजमान चहा घेऊन बाहेर आले. स्टुलावर बसून कप फुंकता फुंकता खटका म्हणाला, “चौथ्यांदा नापास झालो तेव्हा मी तुम्हाला सांगायला आलो होतो, की मला जमणार नाही, माझं नाव काढून टाका. आठवतं?”

मॅडमना आठवत नव्हतं.

“तुम्ही मला गाडीत बसवलंत. गाडी मोकळ्या मैदानात न्यायला लावलीत. आणि तिथे उतरून मागच्या सीटवर जाऊन बसलात. म्हणालात, माझा पाय आता ब्रेकवर नाही, तुझं तू बघ. आणि पेपर वाचायला लागलात.”

“पेपर?”

“हो. मी अर्धा तास गोल गोल फिरवली. खटका वाजला नाही एकदाही. पाचव्या वेळी पास झालो.” त्याने कप खाली ठेवला आणि उठला. “साहेब, घड्याळाचं काम बघायचंय मला. चला आत. मॅडम, हे दार तुमचं.”

आणि तो खरंच आत निघून गेला. मॅडम एकट्या राहिल्या. त्यांनी घडीचं स्वच्छ फडकं घेतलं, पत्र्याला हात लावून बघितला, गार होता. एकदा आडवा, एकदा उभा. आतून यजमानांचा आवाज येत होता, खटक्याला ते कुठल्याशा घड्याळाचं पोट उघडून दाखवत होते. मॅडमचा गुडघा ठणकत नव्हता, मन कुठे धावत नव्हतं. तासाभराने त्यांनी मान वर केली तेव्हा दारावर ‘स्कूल’ नव्हतं. नुसतं निळं दार होतं.

पुढचा आठवडा त्यांनी रोज सकाळी ऊन चढायच्या आत एकेक भाग घेतला. बॉनेटवरचे चरे गेले, ते बघून त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. ‘शि’ गेला. जेवताना त्या यजमानांना बातमी देत.

“आज ‘ड्रायव्हिंग’ गेलं.”

“मग आता काय राहिलं?”

“नुसतं ‘सावकाश’.”

“मग घाई नको,” यजमान म्हणाले आणि घास घेतला.

तिसऱ्या रविवारी एकच जागा उरली होती, मागची डिकी. ती गेली तेरा वर्षं शेडच्या उघड्या बाजूला, दुपारच्या उन्हाकडे तोंड करून उभी राहिली होती. ‘शिकाऊ चालक’ मोठ्या कष्टाने गेलं, पण ‘अंतर ठेवा’ काही केल्या हटेना. मॅडमनी तीनदा घासलं. चौथ्यांदा फडकं टेकवणार, तोच खटक्याने त्यांचं मनगट धरलं. डिकीवर बोटाने टिचकी मारली, डोळा पत्र्याला समांतर नेऊन बघितलं.

“आता बास. याच्यापुढे अस्तर येईल.”

“पण दिसतंय रे अजून.”

“दिसतंय. तिरक्या उन्हात बघितलं तर दिसणार. ते तसंच राहणार मॅडम.”

मॅडमनी फडकं खाली केलं. पूर्वीच्या मॅडम असत्या तर अडून बसल्या असत्या. पण इतके दिवस ज्या हाताने एवढा रंग वर आणला, त्याच हाताने तो घालवायचं त्यांच्या जिवावर आलं. “राहू दे,” त्या म्हणाल्या.

“राहू दे की,” खिडकीतून यजमान म्हणाले. “मागचा आपणहून लांब राहील. काय वाईट आहे?”

मग मेणाचं पॉलिश लावायचं होतं. मॅडमनी डबीत फडकं बुडवलं, तसं खटक्याने ‘च्च्’ केलं. “ब्रेडला लोणी फासताय होय? एवढं नको. चष्म्यावर तोंडाची वाफ सोडल्यावर जेवढं धुरकट होतं, तेवढंच.” तेवढंच लावलं. सगळी गाडी पुसट पांढरी झाली. आता पंधरा मिनिटं थांबायचं, बोट ओढलं की रेघ स्वच्छ उठली पाहिजे, मग पुसायचं.

त्या पंधरा मिनिटांत खटका उगाच बादल्या हलवत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, “मॅडम, एक विचारू? हसायचं नाही.”

“विचार.”

“मला अजून गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावता येत नाही. पंधरा वर्षं झाली. गॅरेजमध्ये दुसऱ्याला सांगतो. इथेसुद्धा लांब कोपऱ्यावर लावून चालत येतो.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले आणि त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेल्या. त्याची गाडी घरासमोर आणवली, दोन बादल्या रस्त्यावर ठेवल्या आणि स्वतः फुटपाथवर उभ्या राहिल्या. “आरशात बघ. माझ्याकडे नको, आरशात. बादली दिसली? आता चाक वळव. पूर्ण वळव रे, ते काय मोडत नाही!” समोरच्या काकू गॅलरीत आल्या, यजमान दारात आले. पहिली बादली आडवी झाली, दुसरी वाचली. पाचव्या खेपेला गाडी दोन्ही बादल्यांच्या मधोमध अशी जाऊन बसली, की काकूंनी वरून टाळी वाजवली. खटका उतरला तो घामाने निथळत आणि कानापर्यंत हसत. तोवर पंधराची पस्तीस मिनिटं झाली होती आणि मेण पुसायला जरा जोर लावावा लागला, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पुसून झाल्यावर तिघंही मागे सरून उभे राहिले. शेडच्या पत्र्यातल्या भोकांमधून उन्हाचे कवडसे बॉनेटवर पडले होते आणि बॉनेट त्यांना जशाच्या तसे परत देत होतं. काकू खाली उतरून आल्या आणि म्हणाल्या, “नवी घेतलीत? जुनी कुठे गेली?” मॅडमनी आयुष्यात पुष्कळ निकाल ऐकले होते, पण हा त्यांनी मनात नीट घडी घालून ठेवला.

शुक्रवारी दोघं मुलीकडे निघाली. मॅडम पहिल्याच खेपेला बरोबर दाराने आत बसल्या. यजमान शेजारी, मांडीवर डब्याची पिशवी. त्यांना गाडीत झोप लागायची, पण त्या दिवशी ते जागे राहिले आणि दर थोड्या वेळाने म्हणत राहिले, “छान चालवतेस गं तू.” लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण बायको गाडी चालवताना शेजारी बसायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नव्हती. सिग्नलला कुणी अंगठा दाखवला नाही, पोलिसाने वळून बघितलं नाही. मोठ्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याने तर मागून जोरात हॉर्न वाजवला. मॅडमना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला हात दाखवून पुढे जाऊ दिलं.

अर्ध्या वाटेवर एक तळं लागलं. काठाला मोठं झाड होतं, सावली होती. मॅडमनी गाडी तिथे लावली, दोघांनी गवतावर चादर अंथरली आणि डबा उघडला. उकडलेली अंडी, ब्रेड, काकडीचे काप. पहिला घास तोंडात जातोय न जातोय तोच वरून ‘पच्’ असा आवाज आला. बॉनेटच्या मधोमध पक्ष्याने आपलं काम केलं होतं, चांगलं ऐसपैस.

मॅडम ताडकन उठल्या, पदराचा बोळा केला, आणि हात बॉनेटपासून वीतभर अंतरावर थांबला. त्यांनी खटक्याला फोन लावला.

“चोळू नका!” ‘पक्षी’ एवढाच शब्द ऐकून तो ओरडला. “त्यात खडे असतात. रुमाल पाण्यात चिंब भिजवा, त्यावर नुसता ठेवा. दहा मिनिटं. मग अलगद उचला, सगळं त्याच्याबरोबर येईल. आणि मॅडम, झाडाखाली कुणी गाडी लावतं का?”

“सावली होती रे,” मॅडम नरमाईने म्हणाल्या.

यजमानांचा रुमाल तळ्यात भिजवून त्यांनी बॉनेटवर पसरला आणि चादरीवर येऊन बसल्या. यजमानांनी अंडं सोलून त्यांच्या हातात दिलं. तळ्यावर वारा होता. पलीकडच्या काठाला एक माणूस होडीला डांबर लावत होता, ते बघत यजमानांनी आपल्या वडिलांच्या घड्याळाच्या दुकानाची एक गोष्ट सांगितली, मॅडमनी ती पूर्वी ऐकलेली होती तरी शेवटपर्यंत ऐकली. मग नातवाचा विषय निघाला. मग परत येताना कुठल्या रस्त्याने यायचं याचा. डबा संपला, काकडीही संपली. मॅडमना एकदम आठवण झाली आणि त्या उठून गाडीपाशी गेल्या. पाऊण तास होऊन गेला होता. रुमाल वाळून पापडासारखा कडक झाला होता.

त्यांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, नीट भिजला याची खात्री केली, आणि परत येऊन यजमानांच्या शेजारी पाय पसरून बसल्या.